रेषेबरहुकूम करवतकाम

हातकरवतीने लाकूड कापताना आखलेली रेघ न सोडता चीर शेवटपर्यंत नेण्याचे सुतारकामातील कसब. सांध्याचा घट्टपणा बव्हंशी यावरच ठरतो, कारण जादा राहिलेले लाकूड पटाशीने तासता येते, पण कमी भरलेले कुसू (सांध्याच्या भोकात बसणारे लाकडाचे टोक) भोकात ढिलेच बसते. खानदेशात चौकटींसाठी सातपुड्यातील साग आणि बैलगाडी व औतांसाठी बांधावरची बाभूळ वापरात आहे. ओंडके उभे चिरण्याचे काम आता आरागिरणीकडे गेले असले, तरी सांधे काढायला हातकरवत लागतेच.

लांब चिरकामासाठी रंगात भिजवलेले सूत दोन्ही टोकांना ताणून, मध्ये चिमटीने उचलून सोडतात. सांध्यासाठी गुण्या (काटकोन आखण्याचे साधन) लावून पेन्सिलीने किंवा सुरीने रेघ मारतात. सुरीची रेघ अधिक चांगली, कारण तिने वरचे तंतू आधीच तुटतात आणि कडेच्या ढलप्या उडत नाहीत. करवतीचे दात आलटून पालटून डावी-उजवीकडे वाकवलेले असल्याने चीर पात्याच्या जाडीपेक्षा रुंद पडते व पाते अडकत नाही. म्हणूनच करवत रेघेच्या मधोमध न ठेवता टाकाऊ बाजूला ठेवतात. तो भाग फुली मारून दाखवलेला बरा. गडबडीत बाजू चुकणे नवशिक्यांपुरतेच मर्यादित नाही.

ढकलताना कापणाऱ्या करवतीने सुरुवात करताना अंगठ्याचे पेर पात्याला टेकवून, करवत दोन-तीनदा हलकेच मागे ओढून खाच पाडतात. तर्जनी मुठीवर सरळ, आणि मनगट, कोपर व खांदा पात्याच्या सरळ रेषेत असावेत. तंतूंना आडवे कापताना करवत साधारण 45 अंशांत, तंतूंच्या दिशेने उभे चिरताना 60 अंशांत धरतात. पाते चकचकीत असेल तर त्यात लाकडाची कड दिसते. खरी कड आणि तिचे प्रतिबिंब एका सरळ रेषेत आले, की पाते कडेशी काटकोनात आहे असे समजावे. गंजलेल्या पात्यात ही सोय राहत नाही.

चीर खोल गेल्यावर पाते पिळून रेघेवर आणण्याचा प्रयत्न सहसा फसतो, कारण समोरची बाजू सुधारल्यासारखी दिसते आणि मागची बिघडते. त्यापेक्षा कोपऱ्यातून तिरके कापत वरची आणि समोरची अशा दोन्ही रेघा नजरेत ठेवाव्यात, मग लाकूड फिरवून दुसऱ्या बाजूने कापावे. करवत दर वेळी एकाच बाजूला ओढत असेल तर दोष बहुधा हाताचा नसून त्या बाजूच्या दातांचा असतो. ते जास्त फाकलेले असतात. त्या बाजूवरून तेलाचा दगड (धार लावायचा दगड) हलका फिरवला की ओढ कमी होते.

लाकूड ओले असेल तर हे सारे कसब वाया जाते. ओल्या बाभळीवर रेघेत काढलेले कुसू खानदेशच्या कोरड्या उन्हाळ्यात आकसते, म्हणून सांध्यांच्या रेघा लाकूड सावलीत पुरते वाळल्यावरच आखतात, मग वाळलेली बाभूळ कापायला कितीही कठीण असो.