हातभरतकामातील फुले : रंगांची व टाक्यांची निवड

कापडावर सुईदोऱ्याने फूल भरताना दोऱ्याचा रंग, त्याच्या छटा, सुईत ओवायचे पदर आणि टाक्याचा प्रकार ठरविण्याची रीत. घरगुती भरतकामात आधी रंग निवडायचे व मग टाका, अशी या कामाची सर्रास विभागणी केली जाते. प्रत्यक्षात ही दोन्ही कामे एकमेकांपासून सोडविता येत नाहीत. दोरा एकाला एक लागून सपाट टाकला, तर त्यावरून उजेड परततो आणि रंग उजळ दिसतो. त्याच दोऱ्याच्या गाठी मारल्या, तर गाठींच्या मधल्या बारीक सावल्यांमुळे तो गडद वाटतो. आणि विरळ साखळी घातली, तर मधून कापड डोकावून त्याचा रंग मिसळतो. म्हणजे एकाच लडीतून टाका बदलून दोन-तीन छटा मिळतात. पंजाबातील फुलकारी हा याचा सर्वांत स्पष्ट दाखला आहे. तेथे जाड्याभरड्या खादीवर उलट्या बाजूने, पीळ नसलेल्या रेशमाने, ताणे मोजून भरले जाते आणि एकाच रंगाचे टाके काही ठिकाणी उभे, तर काही ठिकाणी आडवे घातल्यामुळे, दुसरा दोरा न वापरताही पाकळीच्या दोन बाजू वेगळ्या भासतात.

दोरा : फुलांसाठी बहुधा सहा पदरी सुती दोरा वापरतात, त्याची लडी साधारणपणे ८ मीटरांची असते. त्याची चमक सुतावरील प्रक्रियेतून येते. इंग्रज रसायनज्ञ जॉन मर्सर याने सुतावर दाहक सोड्याची क्रिया करण्याच्या कृतीचे एकस्व (पेटंट) १८५० मध्ये घेतले आणि पुढे ही क्रिया सूत ताणून धरून होऊ लागली, तेव्हा त्याला रेशमासारखी झळाळी आली. कामाला घेताना दोरा सुमारे ४५ सेंमी. लांबीचा कापावा, याहून लांब दोरा कापडातून वारंवार ओढला गेल्याने झिजतो व त्याची चमक जाते. पदर एकेक करून सुटे काढावेत आणि हवे तेवढे पुन्हा जुळवून ओवावेत, म्हणजे ते पिळून न बसता शेजारी शेजारी पसरतात. बारीक छटाकामाला एक पदर, सर्वसाधारण पाकळीला दोन व ठळक देठाला तीन पदर पुरतात. सहाही पदर एकदम ओवून नाजूक फूल भरण्याचा मोह नवशिक्यांना होतो. त्याने काम लवकर उरकते, पण पाकळीची कड हरवते.

दुकानात रंग नावाने मागण्याची आपली जुनी सवय आहे : अबोली, मोतिया, गुलबक्षी, डाळिंबी, पोपटी, मोरपंखी. यांतली कित्येक नावे फुलाफळांवरूनच आलेली असली, तरी ‘अबोली’ म्हणून हाती येणारी छटा दुकानागणिक बदलते. त्यामुळे लडीच्या कागदावरील क्रमांक जपून ठेवावा आणि मोठ्या कामाचा दोरा एकदमच घ्यावा, कारण निरनिराळ्या वेळी रंगविलेल्या दोऱ्यांत थोडा फरक पडू शकतो. निवड दिवसाच्या उजेडात, लड्या त्याच कापडावर ठेवून करावी. ट्यूबच्या प्रकाशात जुळणारे दोन गुलाबी सकाळी फटकून वागतात.

शेजारच्या रंगांचा परिणाम : पॅरिसमधील गोबेलँ या विणकामशाळेत रंगाईची जबाबदारी सांभाळणारा रसायनज्ञ मिशेल यूजीन शेव्हरल याच्याकडे काळा दोरा फिका दिसतो अशा तक्रारी येत. तपासाअंती त्याला दोष रंगाईत नसून शेजारच्या रंगांत असल्याचे आढळले आणि एकमेकांलगतचे रंग परस्परांचे रूप बदलतात, हा सिद्धांत त्याने १८३९ मध्ये सविस्तर मांडला. फुले भरणाऱ्याला तो पदोपदी भेटतो. लाल पाकळीलगत तेवढीच गडद हिरवी पाने आली, की दोन्ही रंग डोळ्यांपुढे थरथरतात. हिरव्यात किंचित करडेपणा किंवा पिवळेपणा आणला, की लाल शांतपणे पुढे येतो. पानांना सरसकट पोपटी दोरा वापरणे ही भरलेल्या अभ्र्यांवर हमखास दिसणारी चूक होय. कोवळ्या पानाला पिवळसर, जून आणि सावलीतल्या पानाला निळसर हिरवा, अशा निदान दोन छटा असाव्यात. एका फुलात तीन छटा पुरेशा असतात, पण त्यांच्यातला फरक हातभर अंतरावरून कळायला हवा. डोळे किलकिले करून पाहिल्यास तो ताडता येतो. किलकिल्या डोळ्यांना ज्या छटा एकच दिसतात, त्या कापडावरही एकच दिसतात.

फुलानुसार टाके : पाकळीची रुंदी हा पहिला निकष. सुमारे १ सेंमी.पर्यंतच्या पाकळीला भरीव टाका, म्हणजे सॅटिन, चालतो. त्याहून लांब टाका सैल पडून नखात, बांगडीत अडकतो. मोठ्या पाकळीला लांब-आखूड टाका घेतात, ज्यात पहिल्या ओळीचे टाके आलटून पालटून लांब व आखूड असतात आणि पुढच्या छटेचे टाके त्यांच्या फटींत शिरतात. टाक्यांची दिशा नेहमी फुलाच्या मध्याकडे वळती हवी. दिशा चुकली, तर उत्तम छटाही पाकळीला पाकळीपण देत नाहीत.

जास्वंदीत हे सर्व एकत्र येते. एकेरी लाल जास्वंदीच्या पाच पाकळ्या कडेला उजळ व घशाशी काळपट लाल असतात, त्यामुळे लांब-आखूड टाक्याने तीन छटा बाहेरून आत उतरत्या ठेवाव्या लागतात. खरी अडचण मधल्या दांड्याची असते. तो पाकळ्यांसारखाच लाल असल्याने सपाट टाक्यात दिसेनासा होतो. म्हणून तो दोन-तीन पदर पिळून, वर उचलून बसवितात, म्हणजे त्याची स्वतःची सावली पडते; वरच्या भागात पिवळे फ्रेंच नॉट, म्हणजे सुईवर दोरा गुंडाळून मारलेल्या बारीक गाठी, आणि टोकाला पाच लाल ठिपके. येथे रंगाला जे जमत नाही ते टाका करतो.

पारिजातकात उलट घडते. त्याच्या पाकळ्या लहान व पाच ते आठ असतात आणि त्यांची पांढरी छटा एकच पुरते. सगळा जीव केशरी देठात. सडा भरायचा असेल, तर काही फुले पालथी दाखवून देठ वर आणावेत. मोगऱ्यासारखे पांढरे फूल पांढऱ्या कापडावर नुसत्या पांढऱ्याने उठत नाही. पाकळीच्या बुडाशी फिकट करडा-हिरवा किंवा मोतिया एक पदर घेतला, की ते उमलते. झेंडूला पिवळा व केशरी असा एकेक पदर एकाच सुईत ओवून सैल फासे घालावेत. दोन्ही रंग आपोआप मिसळून त्याची चुरगळ साधते. जाळीच्या गुलाबाला आधी मध्यापासून चाकाच्या आऱ्यांसारखे, विषम संख्येचे, बहुधा पाच, टाके लागतात, कारण सम संख्येवर दोरा फिरविला तर वर-खाली विणीचा क्रम जुळत नाही. शेवंती लेझी डेझीने, म्हणजे सुट्या साखळीच्या टाक्याने, तर देठ देठाच्या टाक्याने भरतात.

प्रादेशिक परंपरांनी यांतले मोजकेच पर्याय निवडून त्यांची ओळख बनविली. लखनौची चिकनकारी मूळची पांढऱ्यावर पांढरी. तिने रंग सोडून देऊन सगळा भार टाक्यांवर टाकला. मलमलीच्या मागून घातलेल्या बखिया या टाक्याने पाकळीला धुरकट छाया येते आणि मुर्री व फंदा या उठावदार टाक्यांनी फुलाचे केसर, कळ्या उभ्या राहतात. मुंबईच्या पारशी कुटुंबांत जपलेल्या गाऱ्यांवरील, म्हणजे भरतकामाच्या साड्यांवरील, फुले चिनी रेशमी भरतकामातून आलेली आहेत. जांभळ्या किंवा काळ्या भूमीवर फिकट छटांची शेवंती व पिओनी त्यांत लांब-आखूड टाक्याने आणि ‘खाखा’ या गाठीच्या टाक्याने भरली जाते. गर्द भूमीमुळे फिकट छटांतील लहानसा फरकही उठून दिसतो, हे त्या कारागिरांना नेमके ठाऊक होते.

महाराष्ट्रात असे काम रुखवतात मांडलेल्या अभ्र्यांवर, रुमालांवर आणि टेबलक्लॉथवर पाहायला मिळते. त्यावरून निवडीचे वय कळते, असे म्हटले तरी चालेल : एका पिढीच्या अभ्र्यांत दोन छटांचे गुलाब, पुढच्यांत सहा पदरी ठळक लेझी डेझी.

धुणे व इस्त्री : गडद लाल व काळ्या दोऱ्याचा रंग उतरतो का, हे ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून आधीच पाहावे. व्हिनेगरच्या पाण्याने सुती दोऱ्याचा रंग पक्का होतो, ही समजूत चुकीची आहे. आम्लाचा तो उपाय लोकर-रेशमाच्या काही रंगांना लागू पडतो. इस्त्री उलट्या बाजूने, खाली जाड टॉवेल घालून करावी. सुलट्या बाजूने दाबल्यास गाठी चपट्या होतात, त्यांच्या मधल्या सावल्या नाहीशा होतात आणि जास्वंदीचे पिवळे केसर एकदम फिके दिसू लागतात.