प्रवासवेळेचा अंदाज (नकाशा ॲपमधील)

इच्छित ठिकाणी पोहोचायला किती वेळ लागेल, हे निघण्याआधी आणि वाटेतही सांगत राहणारी गणनपद्धती. पडद्यावर दिसणारी ‘५० मिनिटे’ म्हणजे एक भाकीत असते. वाटेतला पूल गाडी अर्ध्या तासाने गाठणार असेल, तर पुलावर आत्ता किती कोंडी आहे एवढे कळून भागत नाही. अर्ध्या तासाने किती असेल ते हवे असते. म्हणून रस्त्याचे लहान लहान तुकडे पाडून, गाडी ज्या तुकड्यावर जेव्हा पोहोचेल त्या घटकेला तो ओलांडायला किती वेळ लागेल, हे एकेक करून काढले जाते.

रहदारी मोजण्यासाठी पूर्वी रस्त्यात तारेची वेटोळी पुरत. वरून गाडी गेली की तारेतल्या विद्युतप्रवाहात फरक पडे आणि गाडीची नोंद होई. हे काम खर्चाचे, त्यामुळे ते बहुतांशी मोठ्या रस्त्यांपुरतेच राहिले. जीपीएस असलेले फोन आल्यावर चित्र पालटले. फेब्रुवारी २००८ मध्ये बर्कलीचे कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि नोकिया यांनी असे फोन देऊन १०० गाड्या एका महामार्गावर फिरवल्या. चालकांपैकी दोन-तीन टक्क्यांकडे जरी असा फोन असला तरी प्रवाहाचा वेग पुरेसा अचूक कळतो, हे त्यातून दिसले. रस्ता न खोदता रहदारी मोजण्याची वाट इथे मोकळी झाली. २००९ मध्ये गुगल मॅप्सने वापरकर्त्यांच्या फोनवरून येणारी निनावी माहिती वापरायला सुरुवात केली.

ही माहिती कच्ची असते. मोकळ्या आकाशाखालीही फोनचे स्थान काही मीटर इकडेतिकडे दिसते. उंच इमारतींच्या गर्दीत ते आणखी भरकटते. उड्डाणपूल आणि त्याखालचा रस्ता नकाशावर एकावर एक येतात. वर गाड्या भरधाव जात असतात, खाली सिग्नलला रांग लागलेली असते, आणि एकच बिंदू दोन्हींपैकी कुठलाही असू शकतो. त्यामुळे सुटा बिंदू न पाहता बिंदूंची अख्खी साखळी पाहतात: मागचा बिंदू कुठे होता, तिथून इथे यायला कोणता रस्ता शक्य होता, चढणीचा फाटा घेतला होता का. पायी चालणारे, थांबलेल्या गाड्यांतले आणि कोंडीतून वाट काढणारे दुचाकीस्वार यांचे वेग वेगळे काढावे लागतात, नाहीतर सरासरी बिघडते. बर्लिनच्या सायमन वेकर्ट या कलावंताने ९९ फोन एका हातगाडीत घालून रिकाम्या रस्त्यावरून हळूहळू ओढत नेले आणि नकाशावर तो रस्ता लाल झाला. २०२० मध्ये ही कलाकृती गाजली. गर्दीची खूण फोनवरूनच ठरते, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच कुणी दाखवले असेल.

प्रत्यक्ष भाकितात ताजी स्थिती आणि जुना इतिहास यांची सांगड घातली जाते. पुढच्या पाच-दहा मिनिटांत लागणाऱ्या तुकड्यांसाठी ताज्या वेगाला महत्त्व, तर तासाभराने येणाऱ्या तुकड्यांसाठी त्या वाराच्या, त्या वेळेच्या नेहमीच्या वेगाला. शिवाय कोंडी एका जागी राहत नाही. ती गाड्यांच्या उलट दिशेने मागे सरकते, म्हणून शेजारच्या तुकड्यांचा एकमेकांशी संबंध जोडावा लागतो. गुगल आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणारी तिची भगिनी कंपनी डीपमाइंड यांनी २०२० मध्ये जाहीर केलेल्या पद्धतीत लगतचे तुकडे एकत्र बांधून त्यांच्या जाळ्यावर ग्राफ न्यूरल नेटवर्क (जोडलेल्या घटकांच्या जाळ्यातले परस्परसंबंध नोंदींवरून शिकणारी संगणकीय रचना) चालवले जाते. त्याच वर्षी महामारीमुळे रस्ते ओस पडले आणि जुना इतिहास निरुपयोगी ठरू लागला, तेव्हा अलीकडच्या दोन ते चार आठवड्यांना जास्त वजन देण्यात आले.

चौकांचा हिशेब सर्वांत नाजूक. एकाच रस्त्यावरून सरळ जाणाऱ्याला चौक ओलांडायला २० सेकंद लागतात आणि समोरची रहदारी कापून वळणाऱ्याला तीन मिनिटे, असे समजू. दोघांची सरासरी शंभर सेकंद येते आणि ती दोघांनाही चुकीची ठरते. म्हणून वेळ रस्त्यासोबत वळणालाही जोडावी लागते.

मार्ग निवडताना डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेली लघुतम मार्गाची रीत आजही पायाभूत आहे. मात्र इथे जोडरस्त्यांची ‘लांबी’ मिनिटांत मोजतात आणि ती वेळेनुसार बदलते.

अपघात, अचानक बंद केलेला रस्ता, मुसळधार पाऊस यांपुढे भाकीत डगमगते. गाड्या मंदावल्यावर किंवा कुणी कळवल्यावरच बातमी लागते. पडद्यावरचा एकच आकडा शक्यतांचा पल्लाही झाकतो. रोज ४५ ते ५५ मिनिटे घेणारा रस्ता आणि कधी ३०, कधी ८० मिनिटे घेणारा रस्ता पडद्यावर सारखेच दिसू शकतात. वेळेवर पोहोचणे ज्याला अत्यावश्यक आहे त्याच्यासाठी हा फरक सरासरीपेक्षा महत्त्वाचा, आणि म्हणूनच काही ॲप आगाऊ नियोजन करताना किमान व कमाल अशी दोन्ही टोके देतात. जिथे फोन घेऊन जाणारेच थोडे, अशा आडरस्त्यांवर ताजा वेग मिळत नाही. तिथे रस्त्याचा प्रकार, वेगमर्यादा आणि जुन्या तुरळक नोंदी यांवरच आकडा काढावा लागतो.