मागची सीट आणि पतंगाची कन्नी

संक्रांतीला ठाण्यात, नौपाड्याच्या गच्चीवर कन्नी बांधण्यावरून हमखास भांडण होतं. गाठ बोटभर वरखाली झाली की पतंग गोते खातो. दोन सीटच्या पॉवर्ड पॅराशूटची सगळी रचना याच गाठीभोवती फिरते. (पाठीवर इंजिन बांधून धावत सुटतात तो पॅरामोटर. इथे पॅराशूटसारख्या कापडी पंखाखाली तीन चाकांची उघडी गाडी टांगलेली असते आणि मागे जाळीत इंजिनाचा पंखा.)

हा कापडी पंख ज्यांनी शोधला, ते डोमिना जॅल्बर्ट पतंग आणि फुगेच बनवायचे. दोन कापडांमध्ये उभे पडदे शिवून त्यांनी कप्पे केले. समोरून हवा शिरली की कापड फुगून विमानाच्या पंखासारखा आकार घेतं. पेटंट मिळालं १९६६ मध्ये. नोत्र दाम विद्यापीठाच्या जॉन निकोलायडिस यांनी त्याला इंजिन जोडून पाहिलं, पण बाजारात जम बसला तो १९८३ च्या सुमारास, स्टीव्ह स्नायडर यांच्या पॅराप्लेनमुळे. एकच पंखा असला की गाडी उलट्या बाजूला पिळवटते, म्हणून त्यांनी विरुद्ध दिशांनी फिरणारे दोन लावले. माणूस मात्र एकच.

त्यामागे कायदाही होता. अमेरिकेच्या १९८२ च्या नियमांनुसार अल्ट्रालाइटला, म्हणजे अशा अगदी हलक्या यानाला, एकच सीट आणि रिकामं वजन ११५ किलोच्या आत. दुसरी सीट चालायची ती शिकवण्यापुरती, खास सवलतीने. २००४ च्या नियमांनी ती रीतसर झाली. तोवर दोन सीटचं यान म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलची गाडीच.

पण दुसरा माणूस बसवायचा कुठे? शेजारी नको, एकटा उडाला तर गाडी एका अंगाला कलेल. म्हणून मागे, इंजिनाला चिकटून, बरोबर टांगणीखाली, म्हणजे गाडी पंखाच्या दोऱ्यांना जिथे लटकते त्या बिंदूखाली. ती सीट रिकामी राहिली तरी तोल फारसा ढळत नाही. पुढचा साठ किलोचा की शंभरचा, त्याप्रमाणे टांगणी पुढेमागे सरकवतात. कन्नीच ती!

दोघांना उचलायला पंख लागतो साधारण ५०० चौरस फुटांचा, घोडबंदर रोडवरच्या वन बीएचकेएवढा. इंजिन ५० ते ६५ अश्वशक्तीचं. गंमत अशी की थ्रॉटल वाढवलं तरी वेग वाढत नाही. गाडी लंबकासारखी पुढे झुलते, पंखाचं नाक वर होतं आणि यान चढू लागतं. वळायचं तर पायाने दांडी दाबून पंखाची मागची कड एका बाजूने खाली ओढायची. वेग ताशी ४० ते ५५ किलोमीटर, जवळपास ठरलेलाच.

ठाण्यात हे यान दिसत नाही. एक तर विमानतळ जवळ. शेजारच्या मुंबईत पोलिसांच्या बंदी आदेशांतही ड्रोनशेजारी पॅराग्लायडर आणि मायक्रोलाइट (छोटी हलकी विमानं) असतातच. शिवाय दुपारी खाडीवर पश्चिमेचा वारा सुटतो. तो ताशी पंचवीसचा असला, की पंचेचाळीसने निघालेलं यान कोलशेतवरून भाईंदरकडे विसानेच सरकणार. खालून रिक्षा पुढे जाईल.