जॅक-2 पॉझिटिव्ह म्हणजे पिढीजात आजार नव्हे

पॉलिसायथेमिया व्हेरा, म्हणजे लाल पेशी गरजेपेक्षा जास्त बनण्याचा रक्ताचा आजार, असल्याची शंका आली की जॅक-2 या जनुकाची तपासणी होते. त्यात बदल सापडून ‘जॅक-2 पॉझिटिव्ह’ असा रिपोर्ट हातात पडला की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो: मुलांचीही तपासणी करायची का? जनुकातला दोष म्हणजे पिढीजात, हा समज जुना आहे; इथे तो साफ चुकीचा आहे.

9व्या गुणसूत्रावरचं हे जनुक कायनेज, म्हणजे पेशीच्या आत निरोप पुढे पोचवणारं एक एन्झाइम, बनवतं. एरिथ्रोपोएटिन या लाल पेशी वाढवणाऱ्या संप्रेरकाचा निरोप आला की ते चालू होतं, लाल पेशी वाढतात, मग ते बंद होतं. 2005 मध्ये सापडलेल्या बदलात एन्झाइमच्या साखळीत 617व्या जागी व्हॅलिन या अमिनो आम्लाऐवजी फिनाइलॲलानिन बसतं. एन्झाइमला आवर घालणारा भाग सैल पडतो आणि निरोप नसतानाही काम चालूच राहतं. पण हा बदल अस्थिमज्जेतल्या एखाद्या मूळपेशीत घडतो, शुक्राणूत किंवा बीजांडात नसतो. म्हणून तो मुलांकडे जात नाही. काही कुटुंबांत अशा आजाराचा कल जरा जास्त दिसतो, एवढं खरं. तरी रक्ताचा साधा रिपोर्ट नॉर्मल असलेल्या मुलांची ही तपासणी करून हाती काही लागत नाही.

पॉलिसायथेमिया व्हेराच्या सुमारे 95 टक्के रुग्णांत हा बदल सापडतो. हिमोग्लोबिन चढलेलं, एरिथ्रोपोएटिन कमी आणि तरी रिपोर्ट निगेटिव्ह, तर तिथेच थांबू नका. याच जनुकाचा ‘एक्झॉन 12’ हा दुसरा भाग तपासायला सांगा.