स्वतःच लिहिलेली यादी

समजा, दादरच्या एका पस्तिशीतल्या बाईंनी सकाळी वाण्याची यादी लिहिली: पोहे, गूळ, तूरडाळ. अक्षर नेहमीसारखंच वळणदार. दुकानात चिठ्ठी उघडली आणि ती वाचताच येईना. काना दिसतो, मात्रा दिसते, पण त्यातून शब्द काही लागत नाही. ‘गूळ किती देऊ?’ या प्रश्नाला उत्तर मात्र चटकन येतं.

ऐकायला हे अशक्य वाटतं. पॅरिसच्या देजेरीन या डॉक्टरांनी 1892 मध्ये असाच रुग्ण नोंदवला. त्याला आकडे वाचता येत, पत्र लिहिता येई, पण आपलंच पत्र वाचता येत नसे. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूचा डावीकडचा मागचा भाग आणि दोन अर्धगोलांना जोडणाऱ्या पुलाचं मागचं टोक खराब झालेलं आढळलं.

दादरचा रेल्वेपूल डोळ्यांसमोर आणा. अक्षरांची ओळख पटवणारी जागा बहुतेकांच्या मेंदूत डावीकडे असते. उजव्या मेंदूने पाहिलेलं अक्षर तिथे पोचायला पूल ओलांडतं. डाव्या मेंदूची दृष्टी गेली आणि पूलही बंद पडला, की दिसलेलं अक्षर पलीकडेच अडकतं. लिहिण्याचा रस्ता वेगळा, म्हणून हात चालतो.

असं बहुधा पक्षाघाताने होतं. पण मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये, म्हणजे एमएसमध्येही, क्वचित होतं. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरच्या मायलिनच्या वेष्टनावर उलटते आणि संदेश रखडतात. पुलावर एमएसचे डाग बऱ्याचदा सापडतात, मात्र वाचन जाण्याइतका मोठा डाग नेमक्या जागी पडणं विरळाच. एमएसमध्ये वाचताना त्रास होतो तो जास्त करून डोळ्याच्या नसेला सूज आल्यामुळे. तेव्हा सगळंच अंधुक दिसतं. इथे अक्षर स्वच्छ दिसतं, म्हणून चष्म्याचा नंबर बदलून उपयोग नाही. घरच्यांनी ‘नाटक करते’ म्हणणं तर फारच क्रूर. वाचन अचानक गेलं तर आधी पक्षाघात समजून तडक रुग्णालय गाठावं. निदान एमआरआयने होतं. एमएसचा ताजा झटका असेल तर शिरेतून स्टेरॉइड देतात, आणि सूज ओसरली की वाचन परत येऊ शकतं.

तोवर काहींना बोटाचा आधार मिळतो. त्या बाईंनी चिठ्ठीवरचं ‘ग’ तर्जनीने गिरवलं, खालचा उकार ओढला, मग ‘ळ’ची दोन वेटोळी घेतली. डोळ्यांना न लागलेला गूळ बोटाला लागला.