पार्श्वभूमी : डिस्ने वर्ल्डच्या हद्दीतले जेवण आणि हद्दीबाहेरचे पर्याय

फ्लोरिडातील डिस्ने वर्ल्डला दुसऱ्या-तिसऱ्यांदा जाणाऱ्यांच्या बोलण्यात जेवणाचा कंटाळा हमखास येतो. सहलीच्या चौथ्या दिवशी मेन्यू उघडला की तेच बर्गर, तेच चिकन, तोच सामन आणि तोच स्टेक पुन्हा समोर येतो. मुलांच्या मेन्यूत तर हॉटेल बदलले तरी मॅकरोनी-चीज बदलत नाही. वरवर पाहता ही जिभेची तक्रार वाटते, परंतु तिची मुळे शोधू गेल्यास स्वयंपाकघरापेक्षा जमिनीचा नकाशा, विमानतळावरची बस आणि महिनोन्महिने आधी भरलेले पैसे यांच्याकडेच वळावे लागते.

कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे १९५५ मध्ये डिस्नेचे पहिले पार्क उघडले तेव्हा कंपनीकडे जागा आणि पैसा दोन्ही बेताचे होते. आतली बरीचशी खाण्याची ठिकाणे बाहेरच्या खाद्यकंपन्यांना चालवायला दिली होती. मांस, आइस्क्रीम, मक्याच्या चिप्स आणि पॅनकेकचे पीठ विकणाऱ्या कंपन्यांच्या नावाने ती ओळखली जात. पार्कच्या भोवती लवकरच मोटेल आणि छोट्या रेस्टॉरंटांची दाटी झाली. संस्थापकांना ही दाटी मुळीच आवडत नसे, पण भुकेल्या पाहुण्याच्या दृष्टीने ती सोय होती: हार्बर बुलेव्हार्ड हा समोरचा रस्ता ओलांडला की दुसरे जेवण मिळत असे, आणि ते आजही मिळते. फ्लोरिडात ही ‘चूक’ पुन्हा होऊ द्यायची नाही असे ठरवूनच १९६४-६५ मध्ये वेगवेगळ्या नावांच्या कंपन्यांमार्फत गुपचूप जमीन घेण्यात आली, आणि ती २७ हजार एकरांच्या पुढे गेली. १९६७ मध्ये राज्याच्या कायद्याने या जमिनीसाठी कंपनीच्याच वर्चस्वाखालचा एक विशेष जिल्हा निर्माण झाला आणि रस्ते, सांडपाणी, बांधकाम परवाने यांचा कारभार त्याच्या हाती आला. हद्दीत कोणाची चूल पेटेल हे यापुढे कंपनीच ठरवू शकत होती. समोरच्या रस्त्यापलीकडचे जेवण काही मैल दूर ढकलले गेले ते तेव्हापासून.

१९७१ मध्ये एक पार्क आणि दोन हॉटेले घेऊन सुरुवात झाली, १९७५ मध्ये तळ्याकाठी दुकानांचे एक ‘गाव’ उभे राहिले, आणि या पहिल्या दशकात जेवणाबद्दल फारशी कुरकुर व्हावी इतकी निवडच नव्हती. जेवण हे येण्याचे कारण बनले ते १ ऑक्टोबर १९८२ रोजी एपकॉट हे दुसरे पार्क उघडल्यावर. तळ्याभोवती नऊ देशांची दालने होती (पुढे १९८४ मध्ये मोरोक्को आणि १९८८ मध्ये नॉर्वे यांची भर पडून ती अकरा झाली), आणि त्यांतल्या काही रेस्टॉरंटांचे काम बाहेरच्या चालकांकडे होते. इथली आरक्षणाची पद्धत आज आठवली तरी कुतूहल वाटते. सकाळी फाटक उघडले की लोक प्रचंड गोलाच्या पायथ्याशी असलेल्या दालनाकडे धाव घेत, तिथल्या पडद्याला बोट लावीत, पडद्यावर एक कर्मचारी प्रत्यक्ष दिसे आणि त्याच्याशी बोलून त्याच दिवशीच्या जेवणाची वेळ ठरवता येई. धावपळ होती, पण ती फक्त त्या सकाळपुरती होती. काय खायचे हे भूक लागणार त्याच दिवशी ठरत असे.

नव्वदच्या दशकात कंपनीला जेवणाबाबतचा एक धडा परदेशात मिळाला. पॅरिसजवळ १९९२ मध्ये उघडलेल्या पार्कमध्ये वाइन ठेवली नव्हती आणि युरोपीय लोक न्याहारी फारशी करीत नाहीत असे गृहीत धरून न्याहारीच्या जागा छोट्या ठेवल्या होत्या. दोन्ही अंदाज चुकले, सकाळी रांगा लागल्या, आणि पुढच्या वर्षी वाइन मेन्यूत आली. पाहुण्यांनी नेट धरला की नियम बदलतात, हे त्यातून दिसले. फ्लोरिडात मात्र याच काळात खाण्याची ठिकाणे वाढत गेली आणि गुणवत्ताही वाढली. अनेक जुने पाहुणे नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध हा तिथल्या जेवणाचा सर्वोत्तम काळ मानतात, आणि त्यात केवळ गतकाळाचा लळा आहे असे वाटत नाही.

खरा बदल २००५ मध्ये झाला, आणि तो तीन बाजूंनी एकाच वर्षी झाला. तिकिटांची रचना अशी बदलली की दिवस वाढवले की दर दिवसाचा खर्च झपाट्याने कमी व्हावा. कंपनीच्या हॉटेलांत उतरणाऱ्यांसाठी विमानतळावरून मोफत बस सुरू झाली. सामानही परस्पर खोलीत पोहोचू लागले, त्यामुळे भाड्याची गाडी घेण्याचे कारणच उरले नाही. तिसरी गोष्ट म्हणजे डायनिंग प्लॅन, म्हणजे जेवणाचे पैसे आधीच भरण्याची योजना. जास्त दिवस राहणारे, गाडी नसलेले आणि जेवणाचे पैसे आधीच भरलेले असे पाहुणे एकाच वर्षात तयार झाले. यातली प्रत्येक सोय सुटी सुटी पाहिली तर खरोखरच सोय होती. तिन्ही मिळून मात्र हद्दीबाहेर जेवायला जाण्याचा विचारच मनातून पुसला गेला.

प्लॅनचे चलन ‘क्रेडिट’ हे होते (एक क्रेडिट म्हणजे एका जेवणाचा किंवा स्नॅकचा हक्क), आणि या शब्दाने पुढची अनेक वर्षे गोंधळ घातला. मूळ योजनेत मुक्कामाच्या दर रात्रीमागे प्रत्येकाला एक टेबल सर्व्हिसचे (वेटर टेबलावर आणून देतो ते) जेवण, एक काउंटरवरचे जेवण आणि एक स्नॅक मिळत असे. हिशेब रात्रींचा होता, दिवसांचा नव्हता. पाच रात्रींच्या मुक्कामात दिवस सहा आणि प्रत्येक प्रकारची क्रेडिट पाच. दहा वर्षांचे मूल प्रौढ धरले जाई आणि त्याचे पैसे प्रौढाचे लागत. खोलीतल्या तीन वर्षे आणि त्यापुढच्या सर्वांनी प्लॅन घेणे बंधनकारक होते, म्हणजे कमी खाणाऱ्या आजीला वगळून इतरांनी घ्यावा अशी सवलत नव्हती. काही महागड्या रेस्टॉरंटांत एका जेवणाला दोन क्रेडिट जात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पास्ता घेतला काय, स्टेक घेतला काय, क्रेडिट एकच जाई. त्यामुळे ‘आज काय खावेसे वाटते’ या प्रश्नाऐवजी ‘एका क्रेडिटात सर्वांत महाग काय बसते’ हा प्रश्न टेबलावर आला. खोली सोडण्याच्या दिवशी मध्यरात्री उरलेली क्रेडिट बाद होत, म्हणून निघण्यापूर्वी हॉटेलच्या दुकानात वेगळेच दृश्य दिसे: आईवडील काउंटरपाशी उभे राहून बिस्किटे, चॉकलेट आणि पाकीटबंद मिठाई पिशवीत भरीत आहेत आणि मूल मोठ्याने मोजत आहे, अजून सात उरले, अजून सहा.

या प्लॅनमधला सर्वांत वादग्रस्त निर्णय २००८ चा. सुरुवातीच्या टेबल सर्व्हिस जेवणात सुरुवातीचा पदार्थ, मुख्य पदार्थ, गोड पदार्थ, पेय आणि वेटरची टिप हे सर्व अंतर्भूत होते. २००८ पासून साध्या प्लॅनमधून सुरुवातीचा पदार्थ आणि टिप या दोन गोष्टी काढून टाकण्यात आल्या. ज्यांना जास्त हवे त्यांच्यासाठी वेगळा, महाग ‘डिलक्स’ प्रकार आला. निर्णयाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे असे की इतके पदार्थ कोणाच्याच पोटात मावत नव्हते, अन्न टाकून दिले जात होते, आणि ते काढल्यामुळे प्लॅनची किंमत आवाक्यात राहिली. हे म्हणणे अगदीच खोटे नाही. परंतु काढायचे तेव्हा गोड पदार्थ न काढता टिप काढली गेली, ही बाब अधिक बोलकी वाटते. आधी प्रत्येक टेबलामागे वेटरला ठरावीक टक्के निश्चित मिळत. आता जेवण झाल्यावर पाहुण्यापुढे रक्कम शून्य असलेले बिल येई आणि त्याखाली टिपसाठी एक रिकामी ओळ असे. आपण घरूनच सगळे पैसे भरून आलो आहोत अशी खात्री बाळगून आलेल्या माणसाला त्या रिकाम्या ओळीचा अर्थ लावावा लागे, आणि तो मूळ किमतीवर हिशेब करून टिप लिहील की नाही यावर वेटरची कमाई ठरे. ‘सगळे आले त्यात’ हा प्लॅनचा खरा आनंद होता, तो इथे संपला.

त्यातच ‘मोफत जेवण’ या शब्दाची भर पडली. २००५ पासून एरवी कमी गर्दीच्या आठवड्यांत, विशेषतः उन्हाळा संपता संपता, खोली आणि तिकिटे एकत्र घेणाऱ्यांना प्लॅन मोफत दिला जाऊ लागला. अट अशी की खोलीचे भाडे पूर्ण दराने भरायचे आणि तिकिटे ठरावीक दिवसांची घ्यायची. त्याच काळात खोलीवर स्वतंत्र सूट असे, ती सोडावी लागे. महागड्या हॉटेलात उतरणाऱ्या दोघांना ती सूटच बहुधा फायद्याची ठरे, तर स्वस्त हॉटेलात उतरणाऱ्या पाच जणांना जेवण फायद्याचे ठरे. म्हणजे ‘मोफत’ या शब्दाचा अर्थ डोकी मोजल्याशिवाय कळत नसे. या आठवड्यांत रेस्टॉरंटे भरून वाहू लागली. भरलेले टेबल लवकर रिकामे व्हावे, अनोळखी पदार्थ परत येऊ नये, हे स्वयंपाकघराचे गणित झाले आणि मेन्यू आखडत गेले, अशी जुन्या पाहुण्यांची ठाम तक्रार आहे. कंपनीने असे कधी म्हटले नाही, परंतु सर्व क्रेडिट सारखे असताना वेगळेपणाला किंमत उरत नाही, हे तर्काला पटते.

आरक्षणाचा शब्दही याच सुमारास बदलला. आधी त्याला ‘प्रायॉरिटी सीटिंग’ म्हणत, म्हणजे टेबल राखून ठेवलेले नाही, आल्यावर पुढचे मोकळे टेबल तुमचे. नंतर त्याचे ‘अ‍ॅडव्हान्स डायनिंग रिझर्व्हेशन’ झाले. पद्धत तीच राहिली, पण शब्दामुळे टेबल तयार असेल अशी अपेक्षा निर्माण झाली. आरक्षणाची खिडकी १८० दिवस आधी उघडे. प्लॅन घेतलेल्यांना क्रेडिट वाया जाऊ द्यायचे नसल्यामुळे सहा महिने आधी पहाटे उठून जेवणे पक्की केली जाऊ लागली, आणि ऑक्टोबरच्या एखाद्या गुरुवारी सायंकाळी ५:४० ला आपल्याला कोणत्या (वेशधारी) राजकन्येसोबत जेवायचे आहे हे एप्रिलमध्येच ठरू लागले. न येणाऱ्यांना २०११ पासून काही ठिकाणी आणि २०१३ पासून बहुतेक सर्व टेबल सर्व्हिस ठिकाणी दरडोई १० डॉलरचा भुर्दंड लागू झाला. मूल थकून झोपी गेले तरी त्याला उठवून जेवायला नेणे, हे चित्र इथले आहे.

पर्यायांचा इतिहास याच्या मानाने थोडक्यात सांगता येतो, कारण तो बहुतांशी गेल्या दहा-बारा वर्षांतला आहे. १९९१ पासून सामायिक मालकीच्या सुट्टीघरांची योजना आली आणि हद्दीतच स्वयंपाकघर असलेल्या खोल्या मिळू लागल्या. पुढे किराणा घरपोच मागवण्याची सोय झाल्यावर न्याहारी खोलीत करणे सहज झाले. पार्कमध्ये स्वतःचे खाणे नेण्यास फ्लोरिडात मनाई नाही, मात्र काचेची बाटली, मद्य आणि गरम करावे लागणारे पदार्थ चालत नाहीत. एपकॉटमध्ये नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून शरद ऋतूत खाद्य-वाइन महोत्सव भरतो. आता वर्षाचे बहुतेक महिने कोणता ना कोणता महोत्सव चालू असतो आणि टपऱ्यांवरच्या छोट्या बशा फिरत फिरत खाऊन अनेकजण टेबलाचे आरक्षण टाळतात. २०१७ मध्ये फोनमधल्या अ‍ॅपवरून काउंटरची ऑर्डर देण्याची सोय आली. शाकाहारी पाहुण्यांची अडचण मोठी होती, कारण त्यांचा कंटाळा दुसऱ्याच दिवशी सुरू होई; २०१९ मध्ये वनस्पतीजन्य पदार्थांवर पानाचे चिन्ह येऊ लागले आणि निदान शोधाशोध कमी झाली.

१९७५ चे तळ्याकाठचे ‘गाव’ अनेक नावे बदलत २०१५ मध्ये डिस्ने स्प्रिंग्ज झाले. तिथली बहुतेक रेस्टॉरंटे बाहेरचे लोक चालवतात, गाडी लावायला पैसे पडत नाहीत आणि पार्कचे तिकीट लागत नाही. दुसरीकडे २०१४ च्या सुमारास जवळच्या ओरलँडो शहरात फोनमधल्या अ‍ॅपवरून टॅक्सी मिळू लागली आणि ‘गाडी नाही म्हणून आतच जेवू’ हे कारण ढिले पडले. सँड लेक रोडवरची रेस्टॉरंटांची रांग, किसिमीकडच्या १९२ क्रमांकाच्या रस्त्यावरची पोर्टो रिकन जेवणाची ठिकाणे, शहरातल्या मिल्स अ‍ॅव्हेन्यू भागातली व्हिएतनामी खानावळी, ही सर्व आधीपासून होतीच. १९७५ नंतर आलेल्या व्हिएतनामी कुटुंबांनी तो भाग वसवला होता. पर्यटकाला ही ठिकाणे दिसू लागली, एवढाच काय तो बदल. २०२२ मध्ये रेस्टॉरंटांना तारे देणाऱ्या ‘मिशेलिन’ या प्रसिद्ध फ्रेंच मार्गदर्शिकेने ओरलँडोची पहिली यादी काढली तेव्हा तारे मिळालेले एकही ठिकाण कंपनी स्वतः चालवत नव्हती.

२०२० मध्ये पार्क बंद पडले तेव्हा प्लॅन थांबला आणि आरक्षणाची खिडकी पुढे ६० दिवसांवर आली. विमानतळाची मोफत बस २०२२ च्या सुरुवातीला कायमची बंद झाली, म्हणजे २००५ च्या तीन धाग्यांपैकी एक कंपनीनेच तोडला. ज्याला आता विमानतळावरून पैसे देऊनच यायचे आहे तो गाडी भाड्याने घेण्याचा विचार करतो, आणि गाडी आली की सँड लेक रोड पंधरा-वीस मिनिटांवर येतो. प्लॅन ९ जानेवारी २०२४ रोजी परतला तो दोनच प्रकारांत: तेव्हाच्या दराने प्रौढाला दर रात्री सुमारे ९४ डॉलरचा टेबल सर्व्हिसचा आणि सुमारे ५७ डॉलरचा काउंटरचा. टिप अजूनही वेगळी आहे. आरक्षण रद्द करण्याची मुदत मात्र आता बहुतेक ठिकाणी एक दिवसावरून दोन तासांवर आली आहे, त्यामुळे दुपारी चार वाजता मूल पेंगत असेल तर सहाचे टेबल सोडून देता येते आणि खोलीला स्वयंपाकघर असेल तर तिथेच ब्रेड-अंडी करून खाता येतात.