संरक्षित जलाशयांतील नौकाविहार (विदर्भ)

अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान किंवा व्याघ्र प्रकल्प यांच्या हद्दीत वा हद्दीला लागून असलेल्या पाण्यावर करमणुकीसाठी बोट चालवणे आणि त्यावर येणारी बंधने, हा या नोंदीचा विषय आहे. महाराष्ट्रात याची चर्चा सहसा समुद्राच्या संदर्भात होते. सिंधुदुर्गातील मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले आणि तेव्हापासून तिथे मच्छीमार, पर्यटन व्यावसायिक आणि वनखाते यांच्यात पाण्याच्या वापरावरून ओढाताण चालू आहे. विदर्भाला समुद्र नाही, पण प्रश्न तोच आहे. इथे तो धरणांच्या आणि तलावांच्या पाण्यावर उभा राहतो. पेंचमधील तोतलाडोह, ताडोब्याच्या सीमेवरचे इरई धरण, गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांध, उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या शेजारचा गोसेखुर्द अशी ही ठिकाणे आहेत.

कायदा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील कलम २७ नुसार अभयारण्यात कोणी शिरावे यावर मर्यादा आहे आणि कलम २८ नुसार पर्यटनासाठी परवाना देता येतो. कलम ३५ मुळे हीच बंधने राष्ट्रीय उद्यानांनाही लागू होतात. पाणी हद्दीत असेल तर बोटसुद्धा ‘प्रवेश’च ठरते. म्हणजे बोटिंगवर सरसकट बंदी नाही, पण परवानगीशिवाय पाण्यात उतरण्याचा हक्कही कोणाला नाही. पेंचच्या कोलितमारा भागात वनखात्याच्या देखरेखीखाली बोटीतून फिरता येते. गाभ्यातील, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण असलेल्या भागातील, तोतलाडोहात आपली बोट घेऊन जाता येत नाही. लोणार सरोवर अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही आहे. तिथे नौकाविहाराचा विचारच होऊ नये.

हद्दीबाहेरच्या पाण्याची स्थिती मात्र वेगळी आणि काळजी वाटावी अशी आहे. पाणथळ जागांविषयीच्या २०१७ च्या नियमांतून सिंचन, पिण्याचे पाणी व करमणूक यांसाठी बांधलेले जलाशय वगळले आहेत. विदर्भातील बहुतेक मोठे पाणी माणसाने बांधलेले आहे. त्यामुळे ज्या धरणावर हिवाळ्यात हजारो बदके उतरतात, त्याला पाणथळ म्हणून या नियमांचे संरक्षण मिळत नाही.

बोटीने नेमके काय बिघडते? ऑक्टोबर ते मार्च या काळात पट्टकादंब, तलवार बदक, मोठी लालसरी असे पाहुणे पक्षी इथे येतात. परतीच्या लांब प्रवासासाठी त्यांना अंगात चरबी साठवायची असते. मोटारबोट जवळ आली की थवा उठतो, चक्कर मारून दुसऱ्या टोकाला बसतो आणि तिथे दुसरी बोट गेली की पुन्हा उठतो. एकदोन वेळा उठल्याने फरक पडत नाही. दिवसभर हेच चालले तर चरणे बुडते आणि थवा तो तलाव सोडतो. पर्यटकांची गर्दीही नेमकी याच महिन्यांत असते.

उन्हाळ्यात पाणी उतरले की धरणांत बेटे आणि वाळूचे पट्टे उघडे पडतात. नदी सुरय पक्षी तिथे उघड्या जमिनीवरच अंडी घालतो. चैत्राच्या उन्हात जोडीतला एकजण अंड्यांवर सावली धरून बसतो. फोटोसाठी कोणी बेटावर उतरले की पक्षी उडतात आणि विदर्भाच्या उन्हात उघडी पडलेली अंडी थोड्याच वेळात निकामी होतात. उतरणाऱ्याला अंडी दिसतही नाहीत, कारण ती वाळूच्या रंगाची असतात. बोटिंगच्या साऱ्या नियमांत ‘बेटावर उतरू नये’ हा नियम सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचा आहे.

पावसाळ्यात टिबुकली आणि कमळपक्षी पाणवनस्पतींवर तरंगती घरटी करतात. वेगाने गेलेल्या बोटीची लाट ती बुडवते. काठाच्या बिळांत राहणारी पाणमांजरे वर्दळ वाढली की जागा सोडतात. मगर उन्हाळ्यात काठालगतच्या मातीत अंडी घालते, म्हणून तिथे अंतर राखणे माणसाच्याही हिताचे आहे.

ढीवर आणि डोंगा. विदर्भातील पाण्यावरची बोट मुळात करमणुकीची नव्हती. पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत कोहळी समाजाने बांधलेले असंख्य तलाव आहेत. त्यांना आज माजी मालगुजारी (पूर्वी मालगुजारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या ताब्यातील) किंवा थोडक्यात मामा तलाव म्हणतात. नवेगावबांधचे श्रेय परंपरेने कोलू पाटील कोहळी यांना दिले जाते. या पाण्यावर ढीवर समाज पिढ्यान्‌पिढ्या डोंग्यातून जाळे टाकत आला. नवेगाव १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग झाले. अशा प्रत्येक घोषणेनंतर पाण्यावरचा वावर परवान्याच्या चौकटीत येतो.

तोतलाडोहात मासेमारीवरून मोठा संघर्ष झाला. हा जलाशय दोन राज्यांच्या सीमेवर आहे. मध्य प्रदेश शासनाने तिथल्या विस्थापित आदिवासींना मासेमारीचे ३०५ परवाने दिले होते आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९७ च्या निकालात न्यायालयाने परवाने रद्द केले नाहीत, तर अटी घातल्या: छायाचित्र असलेले ओळखपत्र, काठावर आग न पेटवणे, कचरा न टाकणे, जलाशयातील बेटांवर न जाणे. उपजीविकेसाठी पाण्यात उतरणाऱ्या माणसाने या अटी पाळायच्या असतील, तर सहलीसाठी येणाऱ्याला त्याहून सैल नियम देणे अन्यायाचे होईल. जिथे मासेमारी बंद करून त्याच पाण्यावर पर्यटकांची बोट सोडली जाते, तिथे गावाचा संरक्षणावरचा विश्वास उडतो. बोट चालवण्याचे काम आणि त्याचे उत्पन्न आधी ढीवरांकडे गेले पाहिजे. कुठे खडक आहे, कुठे खोली आहे, पाणमांजर कोणत्या काठाला राहते, हे त्यांना ठाऊक असते.

नियमनाचे मार्ग. सरसकट बंदीपेक्षा पाण्याची वाटणी अधिक टिकते. उथळ, वनस्पतींचा काठ आणि बेटे पूर्ण मोकळी सोडायची. खोल पाण्यात ठरलेल्या मार्गानेच बोट न्यायची. वल्ह्याची किंवा विजेवर चालणारी बोट हळू जाते, आवाज कमी करते आणि पाण्यात तेल सांडत नाही. जेट-स्कीसारख्या वेगवान वाहनांना अशा पाण्यावर जागा नाही. तोतलाडोहाचे पाणी नागपूर पिते, एवढे कारणही त्यासाठी पुरेसे आहे.

गोसेखुर्दवर शासनाने जलपर्यटनाचा प्रकल्प हाती घेतला आहे. या धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली आणि २००९ मध्ये ते राष्ट्रीय प्रकल्प ठरले. पाणी विस्तीर्ण आहे, त्यामुळे बोटी आणि पक्षी दोघांनाही जागा देणे इथे शक्य आहे; फक्त मार्ग आणि हंगाम बोटी येण्याआधी ठरवावे लागतील. मामा तलावांबाबत तेवढीही सवड नाही. ते लहान आहेत, बरेचसे उथळ आहेत आणि एक मोटारबोट संपूर्ण तलाव ढवळू शकते. त्यांतील पुष्कळसे जिल्हा परिषदेकडे आहेत आणि मासेमारीचा ठेका ढीवरांच्या सहकारी संस्थांकडे असतो. तिथे बोटिंग सुरू करायचे की नाही, याचा निर्णय या संस्थेला आणि ग्रामसभेला विचारूनच व्हायला हवा.